तळं कुणाचं, घाट कुणाचे?

पोलादपूरहून महाडला जायला एसटीने फार वेळ लागत नाही. वाटेत सावित्रीवरचा पूल लागतो. जुना ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला आणि गाड्या माणसांसकट वाहून गेल्या, तेव्हापासून त्या ठिकाणी एसटीत जरा शांतता पसरते. लहानपणी मात्र मला त्या प्रवासात एकाच गोष्टीची घाई असायची. महाडला आजीचं माहेर होतं आणि तिथून चवदार तळं दोन मिनिटांवर.

आजी बोलताना नेहमी म्हणायची, "आमच्या घाटावर." आमच्या घाटावर कपडे धुवायचो, आमच्या घाटावर पोहायला शिकले, आमच्या घाटावरून पाय घसरून धाकटी बहीण पडली. मला वाटायचं, शेजाऱ्याला आपण 'आमचे शेजारी' म्हणतो, तसंच हे 'आमचा घाट'. मायेने म्हटलेलं. त्या शब्दामागे मालकी असेल, असं कधी मनात आलं नाही.

कॉलेजात असताना एका प्रकल्पासाठी मी मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल वाचला. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, १७ मार्च १९३७. महाडच्या सत्याग्रहाबद्दल शाळेत दोन परिच्छेद वाचलेले असतात, २० मार्चला सुट्टी असो-नसो शहरात गर्दी बघितलेली असते, पण या तळ्यावरून नऊ वर्षांहून जास्त काळ कोर्टात दिवाणी दावा चालला हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. मलाही नव्हतं. निकालात तळ्याचं वर्णन आहे. चार ते पाच एकरांचं छोटं सरोवर किंवा मोठं तळं म्हणा. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यापलीकडे सवर्ण हिंदूंची घरं, थोडी मुसलमानांची. आणि पुढे असं, की यातल्या काही घरमालकांच्या मालकीच्या जमिनीच्या पट्ट्या तळ्याच्या कडेला आहेत, पाण्यापर्यंत उतरणारे घाट आहेत, दगडी बांध आहेत.

म्हणजे आजीचा घाट खरंच 'आमचा' असण्याची शक्यता होती.

इथून पुढे मला हा सगळा इतिहास वेगळा दिसायला लागला. आपण तो पाण्याचा लढा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण कोर्टात तो काठाचाही लढा होता. सार्वजनिक पाण्याच्या कडेला ज्यांची घरं, त्यांचा त्या पाण्यावर किती हक्क? आज मुंबईच्या कोळीवाड्यांत किनाऱ्याच्या जागेवरून भांडणं होतात, जाळी सुकवायची जागा कुणाची आणि तिथे नवं काय बांधायचं यावरून बैठकांमध्ये आवाज चढतात. मुद्दा तोच आहे. फक्त कोळीवाड्यात काठावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पोट भरणारे असतात आणि बाहेरून येणारा बलवान असतो. महाडमध्ये उलट होतं. 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे आहोत' हे वाक्य दोन्हीकडे तेच, पण ते कोण कुणाला म्हणतंय यावर सगळं अवलंबून.

आधी काय घडलं ते थोडक्यात सांगते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तळ्यावर मुसलमान येत, ख्रिस्ती येत, गुरंढोरं पाणी पीत. महार-चांभार मात्र तीन वर्षं त्या ठरावानंतरही तिथे फिरकू शकले नाहीत.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. तिच्यामागे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते, अनंतराव चित्रे होते, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. या परिषदेची एक बारीक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. परिषदेला आलेल्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. १९२७ चे चाळीस रुपये! आणि हाकेच्या अंतरावर पाच एकर पाणी, तेही नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी 'खुलं' केलेलं.

२० तारखेला सगळे रांगेने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागोमाग इतरांनी. पुढे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, जेवायला बसलेल्या, गावाकडे निघालेल्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. मग तळ्याचं शुद्धीकरण. १०८ घागरी पाणी उपसलं, शेण, गोमूत्र, दूध, दही यांचं मिश्रण पाण्यात सोडलं, मंत्र म्हटले, आणि पाणी पुन्हा पिण्यालायक ठरलं. याच्यावर माझं भाष्य नको, तुम्हीच कल्पना करा.

४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काठावरची मंडळी लाठ्यांऐवजी कागद घेऊन पुढे आली. १२ डिसेंबरला दिवाणी दावा, १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम. बाबासाहेब मुंबईहून बोटीने आले आणि २५ डिसेंबरला दासगाव बंदरात उतरले. परिषदेला गावात कुणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं कमी ठाऊक असतं. सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावं नोंदवली होती. कलेक्टर येऊन समजावून गेले. लोक थांबायला तयार नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं, कारण मनाई हुकूम मोडला तर भांडण सवर्णांशी न राहता सरकारशी झालं असतं. मग लोकांनी काय केलं? गावातून मिरवणूक काढली, तळ्याला वळसा घातला आणि परत आले. पाण्याला हात लावला नाही.

मनाई हुकूम पाण्यावर होता, रस्ता नगरपालिकेचा होता. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला घरं, आणि मधून ते सगळे चालत गेले. त्या घरांतलं एक माझ्या पणजोबांचं.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "मी तेव्हा जन्मले तरी होते का?" खरं आहे, तिचा जन्म त्यानंतर आठ वर्षांनी. बराच वेळ तांदूळ निवडत बसली आणि मग म्हणाली, "दादा सांगायचे, त्या दिवशी आळीत सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. खिडकीच्या फटीतून बघत होते." मी विचारलं, दाव्यासाठी पणजोबांनी वर्गणी दिली होती का? १०८ घागरींपैकी एखादी आपल्या घरची होती का? ती म्हणाली, "अशा गोष्टी मुलींना कोण सांगतं." पुढे बोलली नाही आणि मीही ताणलं नाही. ताणायला हवं होतं, असं आता वाटतं.

दावा मात्र वाचण्यासारखा आहे. सुरुवातीला वादींचं म्हणणं होतं की तळं आमच्याच मालकीचं. ते वापरण्याचा हक्क आम्हाला आणि मुसलमानांना, अस्पृश्यांना नाही. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई हुकूम उठला, ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. ठाण्याला अपील, तिथेही हार. उच्च न्यायालयात पोचेपर्यंत मालकीचा मुद्दा त्यांनी स्वतःच सोडून दिला होता. तळं सरकारचं आणि कायद्याने नगरपालिकेकडे आलेलं, हे मान्य. उरली फक्त रूढी. 'अनादी काळापासून अस्पृश्य इथे येत नाहीत, म्हणून त्यांनी यापुढेही येऊ नये.'

न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे निकाल देणारे. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच. त्यांनी विचारलं, अनादी म्हणजे नेमकं कधीपासून? तळं अडीचशे वर्षांचं तरी असेल, पण ते कुणी खोदलं याचा पुरावा नाही. ते खोदलेलंच आहे हेही नक्की नाही. कदाचित ओढ्याच्या पात्रातला नैसर्गिक खळगा असेल, नंतर त्याला बांध घातले गेले असतील. पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर भरणारा. मग त्या पाण्यावर काठच्या लोकांचा ताबा होता, असं कुठल्या आधारावर मानायचं? देवळाला लागून बांधलेल्या तळ्याची गोष्ट वेगळी, असं कोर्ट म्हणतं. इथे लोक येत नव्हते एवढंच दिसतं, आणि न येण्यावरून हक्क सिद्ध होत नाही. अपील फेटाळलं. २० मार्च १९२७ ला दहा वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते.

आनंद होतो वाचताना, पण पुन्हा वाचल्यावर बोचतं. कोर्ट कुठेही म्हणत नाही की माणसाला पाणी नाकारणं चूक आहे. अशी रूढी अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, या प्रश्नात शिरण्याची गरजच नाही, असं म्हणून तो बाजूला ठेवलेला आहे. वादी पुराव्यात कमी पडले, म्हणून हरले. तळ्याचा जन्मदाखला सापडला असता तर? त्या 'तर'ला उत्तर मिळायला १९५० उजाडावं लागलं. संविधानाचं कलम १५ काढून बघा, दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते अशी यादी आहे. स्नानघाट! इतक्या मोठ्या देशाच्या संविधानात घाटाची आठवण कुणाला राहिली असेल, हे महाडच्या माणसाला सांगावं लागत नाही. 'पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून' ही भाषाही १९२३ च्या बोले ठरावाची नातलग वाटते.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या. बाजारपेठ बुडाली, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. त्यानंतर महाडात काठाची चर्चा पुन्हा सुरू झाली: नदीतला गाळ काढा, बेटं काढा, पात्रातला भराव कुणी केला ते बघा. आजीच्या माहेरच्या घरात कमरेइतका चिखल होता. तो काढायला गेलो तेव्हा जुन्या पेटीत घराचे कागद सापडले, भिजून एकमेकांना चिकटलेले. वाळवून एकेक सुटा केला. त्यात घराची हद्द लिहिलेली आहे. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याचं, दक्षिणेस परसू, उत्तरेस सार्वजनिक रस्ता.

घाटाचा उल्लेख नाही. मी आजीला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून कागद स्वतः बघितला, उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मग आम्ही आमचा घाट का म्हणायचो गं?" तिने मलाच विचारलं.