बालकाच्या मुखी परभाषा

गोव्याच्या जुन्या कायद्यांविषयी वाचीत असता एका आज्ञापत्रापाशी आमचे मन नेहमी थबकते. इ. स. १६८४ च्या जून महिन्याच्या २७ तारखेस विजरई कोंद द आल्व्होर याने ते काढले. या प्रदेशातील लोकांनी आपली देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, पाद्र्यांनी व शाळामास्तरांनी मुलांस धर्माचे पाठ त्याच भाषेतून द्यावेत, आणि हा सारा पालट तीन वर्षांत पुरा व्हावा, असा त्याचा आशय आहे. मुदतीच्या कायद्याशी आम्हां वकिलांचा रोजचा संबंध. कर्जाला मुदत असते, दाव्याला असते, अपिलाला असते. परंतु आईची भाषा विसरण्यास मुदत घालून देणारा कायदा आमच्या पाहण्यात हा एकच आला.

आज्ञा निघाली तो काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. आदल्याच वर्षी, १६८३ च्या नोव्हेंबरात, संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेऊन गोव्याच्या राजधानीस धाक दाखविला होता. नदीच्या अलीकडची प्रजा आणि पलीकडचा शत्रू यांचे बोलणे एकमेकांस कळते, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या मनात सलत असावी असा आमचा तर्क आहे. पुढे १७४५ मध्ये आर्चबिशपाने याहून पुढची पायरी गाठली. पोर्तुगीज भाषा आल्याखेरीज ख्रिस्ती वधूवरांस विवाहाची अनुमती देऊ नये असे त्याने फर्माविले. शाळा झाली, बाजार झाला, शेवटी मांडवही सुटला नाही!

आणि फळ काय मिळाले? कुन्हा रिवारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच १८५८ मध्ये कोंकणी भाषेचा इतिहास लिहिला आणि तिच्या झालेल्या हेळसांडीबद्दल आपल्याच पूर्वसूरींस दोष दिला. आज्ञापत्रानंतर पावणेदोनशे वर्षे लोटली होती, तरी भाषा जिवंत होती म्हणूनच तिच्याविषयी लिहिता आले. काही संपन्न ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज घरची भाषा झाली हे खरे. पण ती झाली प्रतिष्ठेच्या आणि नोकरीच्या ओढीने, पिढ्यान् पिढ्यांनी. तीन वर्षांच्या मुदतीने नव्हे. चर्चमध्ये, कचेरीत आणि करारनाम्यावर कायद्याची नजर पोचत होती. चुलीपाशी मुलाला भात भरविणारी बाई कोणत्या भाषेत ‘आणखी एक घास’ म्हणते, हे पाहायला शिपाई कोठून आणणार?

यावरून कोणी असे समजू नये की परभाषा घरात मुळीच रुजत नाही. ती रुजते, फार चांगली रुजते. मात्र ती बोलणारे माणूस घरात हवे. युरोपातील एक उदाहरण याविषयी प्रसिद्ध आहे. ज्याला निबंध या लेखनप्रकाराचा जनक मानतात तो मिशेल द मोंतेन १५३३ मध्ये फ्रान्सात, बोर्दो शहराजवळच्या एका गढीत जन्मला. (तो पुढे बोर्दोच्या न्यायालयात न्यायाधीश होता, लेखन करणाऱ्या वकिलांस या गोष्टीचा थोडा आधार वाटतो.) त्याचा पिता पियेर याने इटलीतील लढाया पाहिल्या होत्या आणि तिकडच्या विद्येने तो भारला होता. पुत्रास बोलता येण्यापूर्वीच त्याने एका जर्मन शिक्षकाच्या स्वाधीन केले. या गृहस्थास फ्रेंच बिलकूल येत नव्हते, लॅटिन मात्र उत्तम येत होते, आणि त्याची निवड नेमकी याच कारणासाठी झाली होती. मदतीला आणखी दोघे ठेवले. आईबापांनी, गड्यांनी, दासींनी मुलापुढे लॅटिनखेरीज एक अक्षर उच्चारायचे नाही असा घराचा दंडक झाला. ज्याला जेवढे शब्द येत तेवढ्यावर त्याने भागवायचे!

मोंतेनने स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. पुस्तक नाही, व्याकरण नाही, छडी नाही, रडे नाही, आणि सहाव्या वर्षापर्यंत तो शिक्षकाइतके शुद्ध लॅटिन बोलू लागला. घरातली माणसेही कामापुरती शिकली, आणि आसपासच्या खेड्यांत काही कारागिरांची व हत्यारांची लॅटिन नावे पुढे कित्येक वर्षे रूढ राहिली. आम्हांस या हकीकतीतला सर्वांत मनोज्ञ भाग हाच वाटतो. एका मुलासाठी घर बदलले आणि घरामुळे गावच्या सुताराच्या तोंडची बोली बदलली. आज्ञापत्राला जे साधले नाही ते एका हट्टी बापाला साधले, कारण त्याने आज्ञा प्रथम स्वतःला केली.

तथापि पुढचा भागही सांगितला पाहिजे. सहाव्या वर्षी मुलगा बोर्दोच्या शाळेत गेला. नामांकित पंडित तेथे शिकवीत, आणि या मुलाशी लॅटिन बोलण्यास ते बिचकत असत. पण घरचा तो झरा शाळेत आटला आणि भाषा बिघडत गेली अशी मोंतेनची तक्रार आहे. मोठेपणी त्याने ग्रंथ लिहिला तो फ्रेंचमध्ये. चाळीस वर्षे त्याने लॅटिन बोलण्यात वापरले नव्हते. तरी एकदा धडधाकट बाप मूर्च्छित होऊन अंगावर कोसळला तेव्हा त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते लॅटिन. बालपणी जिभेवर बसलेले असे तळाशी राहते.

मोंतेनच्या घरी आलेले लॅटिन ही विद्येची भाषा होती. ती त्या काळी कोणा जेत्याची भाषा उरली नव्हती आणि तिच्या येण्याने फ्रेंचला कोणी हीन मानले नव्हते. आमच्या देशात जेव्हा असाच प्रयोग झाला तेव्हा त्यात ही दुसरी गोष्ट मिसळली. डॉ. कृष्णधन घोष हे बंगालमध्ये रंगपूर येथे सिव्हिल सर्जन होते. विलायतेत शिकून आलेले, कर्तबगार, उदार. मुलांनी अंतर्बाह्य इंग्रज व्हावे अशी त्यांची जिद्द. घरात इंग्रजी, नोकरांशी थोडे हिंदुस्तानी, सांभाळायला गोरी दाई, बंगालीला मज्जाव. १८७२ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा पाचव्या वर्षी दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये आणि सातव्या वर्षी, १८७९ मध्ये, मँचेस्टरला एका पाद्र्याच्या घरी पोचला. मुलांचा कोणाही हिंदी माणसाशी परिचय होऊ देऊ नये, अशी पित्याची ताकीद बरोबर होती. हा मुलगा म्हणजेच श्रीअरविंद.

भाषेपुरते पाहिले तर प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. इंग्रजी तर आलीच, शिवाय ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्यांनी केंब्रिजला नाव काढले. परंतु १८९३ मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले तेव्हा आपल्या मातृभाषेत त्यांस धड संभाषण करता येत नव्हते. केंब्रिजला सनदी परीक्षेच्या निमित्ताने तिची नुसती तोंडओळख झाली होती. मग बडोद्याच्या वास्तव्यात, जेथे भोवती मराठी आणि गुजराती बोलणारी माणसे, तेथे या बंगाली गृहस्थाने संस्कृत, बंगाली, मराठी, गुजराती अशा भाषा एकामागून एक हाती घेतल्या. १८९८ मध्ये बंगालीच्या संभाषणासाठी दीनेंद्रकुमार राय यांस मुद्दाम बंगालहून आणविले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी पगारी सोबती ठेवून आईची भाषा शिकावयाची! बडोदेकर वाचकांस आपल्या शहरातील अरविंदांच्या वास्तव्याचा अभिमान असतो, आणि तो रास्तच आहे. पण त्या घरातून संध्याकाळी ऐकू येणाऱ्या त्या चाचपडत्या बंगाली वाक्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या पुरुषाने गेलेले परत मिळविले. पुढे १९०९ मध्ये ‘धर्म’ नावाचे बंगाली साप्ताहिकही चालविले. सामान्य मुलाचे काय होत असेल?

आता आमच्या देवळांभोवतीच्या घरांकडे वळू. साष्टी-बार्देश-तिसवाडीतून देव नदीपार हलले ते सोळाव्या शतकात. मंगेश प्रियोळास आला, शांतादुर्गा कवळ्यास, म्हाळसा म्हार्दोळास. फोंडे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला तो १७६३ साली, म्हणजे १६८४ चे आज्ञापत्र देवांच्या त्या नव्या गावांपर्यंत लागूच नव्हते. या घरांत मूल कोंकणीत रडे, कोंकणीत हट्ट करी. आणि श्रावणात पोथी, उत्सवात कीर्तन, रात्री देवळापुढचे नाटक हे सारे मराठीत ऐके. पुढे अग्रशाळेत किंवा कोणाच्या ओसरीवर पंतोजीपुढे बसून तो तीच मराठी पाटीवर गिरवी. मराठीला परभाषा म्हणण्यास आमची जीभ धजत नाही, आणि कोंकणीला घराबाहेर ठेवण्यास तर मुळीच नाही. या दोहोंवरून आमच्यात जे वाद झाले त्यांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच म्हणतो की ज्या भाषेत आई बोलत नसे ती भाषा आमच्या पूर्वजांना लहानपणी आली, ती आईच्या मांडीवर बसून ऐकता ऐकता आली. एकीसाठी दुसरीला दार लावावे लागले नाही.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक झाले, हिंदूंस नोकऱ्यांची आणि शिक्षणाची वाट मोकळी झाली, आणि मग कायद्याने जे घडले नव्हते ते फी देऊन घडू लागले. आमच्या आजोबांस घरी पोर्तुगीज शिकविण्यास एक ख्रिस्ती मास्तर येत. सोप्यावर बसून क्रियापदे घोकून घेत. आजोबांनी पुढे जन्मभर अर्ज लिहिले ते पोर्तुगिजीत, देवापुढे म्हटले ते मराठीत आणि भाटकाराशी भांडले ते कोंकणीत. यात काही विशेष आहे असे त्यांस कधी वाटलेही नाही.

आज तो मास्तर नाही आणि ते राज्यही १९६१ साली गेले. आता सोप्यावर इंग्रजी आहे, आणि ती मास्तराबरोबर न येता आईबापांच्याच तोंडून येते. कायद्याची यावर काय सत्ता आहे, असे पुष्कळ जण आम्हांस विचारतात. बेळगावकडील वाचकांस तो वाद घरचाच आहे. प्राथमिक वर्गांचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावे असा कर्नाटक शासनाचा १९९४ चा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी निर्णय दिला, की मातृभाषेचे माध्यम शासनास लादता येत नाही. निवड मुलाची आणि त्याच्या वतीने पालकांची. घटनेत १९५६ साली घातलेले ३५०-अ कलम अल्पसंख्य गटांच्या मुलांस मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते. सक्तीचा अधिकार देत नाही. निर्णय आम्हांस कायद्याच्या दृष्टीने बरोबर वाटतो. मात्र तो वाचून झाल्यावर आम्ही अस्वस्थ झालो, कारण दोष द्यायला आता सरकार उरले नाही.

आणि आमच्याच घरची गोष्ट लपविली तर ही वकिली एकतर्फी होईल. कन्या तीन वर्षांची असता, शाळेत ती मागे पडू नये म्हणून आम्ही उभयतांनी घरात तिच्याशी केवळ इंग्रजी बोलण्याचा नेम केला. मोंतेनची हकीकत तेव्हा आम्हांस अर्धीच ठाऊक होती. कन्या भराभर बोलू लागली; पाहुण्यांपुढे तिला उभी करताना आम्हांस धन्यता वाटे. एका संध्याकाळी आमच्या मातोश्री तिला काऊचिऊची गोष्ट सांगत होत्या. मधेच कन्येने वळून आम्हांस इंग्रजीत विचारले की आजी काय म्हणते. आम्ही अर्थ सांगितला. पुन्हा तिने विचारले, पुन्हा सांगितला. न्यायालयात साक्षीदारासाठी दुभाष्या बसतो तसे आम्ही आपल्याच ओसरीवर आजी आणि नात यांच्यामध्ये बसलो होतो. मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्या रात्रीपासून त्यांनी गोष्ट सांगणेच सोडले, आणि ही गोष्ट आमच्या ध्यानात यायला दोन महिने लागले.

नेम मोडला. इंग्रजी सोडली नाही. रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास चित्रांचे पुस्तक घेऊन आम्ही बसतो आणि मातोश्रीही वाती वळीत शेजारी बसतात. प्रगती पूर्वीपेक्षा मंद आहे. कन्येला मात्र एक नवा खेळ सापडला आहे: प्रत्येक वस्तूचे इंग्रजी नाव शिकले की आजीकडे वळून ‘हाका कोंकणींत कितें म्हणटात?’ असे विचारायचे. परवा किल्लीचे चित्र निघाले. आजी म्हणाल्या, ‘चावी.’ आमच्यातला वकील गप्प बसेना. चावी हा शब्द मुळात पोर्तुगीज, पाव, बटाटा, पगार, बादली हेही त्याच वाटेने आलेले, असे आम्ही सांगू लागलो. मातोश्रींनी वात वळता वळता मान वर केली आणि नातीला म्हणाल्या, ‘ताका कितें कळटा? चावी आमचीच गो बाये.’