वाइन-लेबलांची परिभाषा, फ्रेंच

फ्रेंच वाइनच्या बाटलीवरील लेबलावर उत्पादकाचे नाव, गावाचे वा प्रदेशाचे नाव, द्राक्षहंगामाचे वर्ष आणि प्रतवारी व बाटलीबंदी यांविषयीचे काही ठराविक शब्द छापलेले असतात. यांपैकी बहुतेक शब्दांचे अर्थ कायद्याने निश्चित केलेले आहेत. चवीचे वर्णन त्यांत क्वचितच आढळते. वाइन कोठली, कोणी व कोणत्या नियमांनुसार केली, एवढेच ते सांगतात. एकोणिसाव्या शतकातील द्राक्षवेलींवरील अरिष्ट, त्यानंतर बोकाळलेली भेसळ आणि स्थलनामे वापरण्याच्या हक्कावरून शेतकऱ्यांनी दिलेले लढे यांतून ही परिभाषा घडली आहे.

प्रतवारीचा आरंभ : पॅरिस येथे १८५५ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बोर्दो येथील दलालांनी तेथील वाइनची यादी तयार केली. तांबड्या वाइनच्या मळ्यांचे तिच्यात पाच वर्ग होते. हे वर्ग चव पाहून नव्हे, तर अनेक वर्षांच्या बाजारभावांवरून ठरविण्यात आले. पहिल्या वर्गात लाफीत, लातूर, मार्गो व ओ-ब्रियाँ हे चार मळे होते. १९७३ मध्ये मुताँ-रॉतशील्ड या मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती देण्यात आली. लेबलावरील ‘क्रू क्लासे’ (वर्गीकृत मळा) हा शब्दप्रयोग या यादीवरून रूढ झाला.

फायलोक्सेरा व भेसळ : फायलोक्सेरा या अमेरिकेतून आलेल्या सूक्ष्म किडीचा उपद्रव दक्षिण फ्रान्समध्ये १८६३ च्या सुमारास दिसू लागला. ही कीड मुळांवर जगत असल्याने वेली वाळून जात व मळेच्या मळे उद्‌ध्वस्त होत. अमेरिकन वेलींच्या प्रतिकारक्षम खुंटांवर स्थानिक जातींची कलमे बांधणे, हा उपाय अखेर लागू पडला. परंतु मधल्या काळात उत्पादन घटल्यामुळे बेदाणे भिजवून आंबविलेले पेय, द्राक्षांच्या चोथ्यात साखर व पाणी घालून केलेले मद्य आणि परप्रांतीय वाइन नामांकित गावांच्या नावांखाली विकली जाऊ लागली. म्हणून १८८९ च्या कायद्याने ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या रसाच्या किण्वनातून मिळणारे पेय म्हणजेच वाइन, अशी व्याख्या केली. १९०५ मध्ये मालाचे स्वरूप वा मूळ यांविषयी फसवणूक करणे दंडनीय ठरविणारा व्यापक कायदा संमत झाला.

नावांसाठी लढे : केवळ कायद्याने शेतकऱ्यांचे समाधान झाले नाही. मळे पुन्हा उभे राहिले, तेव्हा भाव कोसळले होते. १९०७ मध्ये लांगदॉक प्रदेशात मार्सेलँ आल्बेअर याच्या नेतृत्वाखाली प्रचंड मोर्चे निघाले. नारबॉन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. शँपेन प्रांतातील संघर्ष थेट नावाविषयी होता. काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षे व वाइन आणून शँपेन म्हणून विकीत आणि त्यामुळे स्थानिक शेतकऱ्यांच्या द्राक्षांना भाव मिळत नसे. १९०८ मध्ये शासनाने प्रांताची सीमा आखली. तीत ओब हा जिल्हा वगळला गेला. जानेवारी १९११ मध्ये मार्न भागातील शेतकऱ्यांनी बाहेरून आणलेल्या वाइनची पिपे फोडली. पुढे ओबच्या बाजूने सीमा रद्द होण्याची चिन्हे दिसताच एप्रिलमध्ये आय या गावी व्यापाऱ्यांची घरे व तळघरे जाळण्यात आली आणि सैन्य पाचारण करावे लागले. ओबला प्रथम ‘दुय्यम विभाग’ असे स्थान मिळाले. शँपेन हे नाव पूर्ण हक्काने वापरण्याची मुभा १९२७ मध्ये मिळाली.

नियंत्रित स्थलनाम : १९१९ च्या कायद्याने स्थलनामांचे वाद न्यायालयांकडे सोपविले. तथापि केवळ सीमा आखल्याने दर्जाची हमी मिळत नाही, हे लवकरच दिसून आले. कारण सीमेच्या आत कोणतीही जात कशीही लावता येई. शातोनफ-द्यु-पाप येथील बारों ल र्‌वा या वकील मळेवाल्याने १९२३ पासून जमीन, जाती, छाटणी व मद्यार्काचे किमान प्रमाण यांविषयी नियम घालून घेण्यात पुढाकार घेतला. याच विचारसरणीतून जोझेफ काप्यू याच्या प्रयत्नांनी ३० जुलै १९३५ रोजी ‘आपेलास्याँ दॉरिजीन काँत्रोले’ (नियंत्रित मूलस्थाननाम) ही पद्धती अस्तित्वात आली. १९३६ पासून तिच्याखाली एकेका स्थलनामाचे आदेश निघू लागले. २००९ मध्ये यूरोपीय संघाने ती ‘संरक्षित मूलस्थाननाम’ या आपल्या वर्गात समाविष्ट केली; परंतु जुने नाव लेबलांवर आजही चालते.

लेबलाचे वाचन : ‘मिलेझिम’ म्हणजे द्राक्षे तोडल्याचे वर्ष, यूरोपीय नियमानुसार किमान ८५ टक्के द्राक्षे त्या वर्षाची असावी लागतात. ‘मी-झां-बुतेय ओ शातो’ म्हणजे मळ्यावरच बाटलीबंद केलेली. पूर्वी वाइन पिपांतून व्यापाऱ्याकडे जाई व तेथे मिश्रणास वाव राही. म्हणून मुताँ येथे १९२४ च्या उत्पादनापासून सर्व वाइन मळ्यावरच बाटल्यांत भरण्यास प्रारंभ झाला. बर्गंडीत नावांचा फरक बारकाईने पाहावा लागतो. जेव्रे या गावाने १८४७ मध्ये शांबेर्तँ या आपल्या प्रख्यात मळ्याचे नाव स्वतःच्या नावास जोडले. त्यामुळे ‘शांबेर्तँ’ ही ‘ग्रां क्रू’ या सर्वोच्च वर्गातील वाइन होय, तर ‘जेव्रे-शांबेर्तँ’ हे सबंध गावाचे नाव आहे. क्लो द वूझो हा सु. ५० हेक्टरांचा एकच मळा अनेक मालकांत विभागलेला असल्याने तेथे मळ्याइतकेच उत्पादकाचे नाव महत्त्वाचे असते. शँपेनच्या लेबलावरील ‘सेक’ या शब्दाचा अर्थ कोरडी असा असला, तरी तीत दर लिटरला १७ ते ३२ ग्रॅ. साखर असते; ‘ब्रूत’मध्ये ती १२ ग्रॅ.पेक्षा कमी असते. एकोणिसाव्या शतकातील शँपेन फार गोड असे. त्या मानाने दिलेली ही नावे आहेत. याउलट ‘व्हिएय व्हीन्य’ (जुन्या वेली) या शब्दांना कायदेशीर व्याख्या नाही.

इतर देशांतील प्रसार : व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीवर अशा नावांचा आदर करण्याचे बंधन घातले. १९९४ च्या जागतिक व्यापारविषयक करारात वाइनच्या स्थलनामांना विशेष संरक्षण देण्यात आले. भारतात त्यानुसार १९९९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा संमत झाला व तो २००३ पासून अंमलात आला. नाशिक परिसरातील वाइनला ‘नाशिक व्हॅली’ या नावाने असे मानांकन मिळाले आहे. गोव्यात गोड तांबड्या वाइनला सर्रास ‘पोर्ट’ म्हणतात; मूळ पोर्ट मात्र पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील असून तेथील प्रदेशाची सीमा १७५६ मध्येच आखण्यात आली होती. लेबलावरील स्थलनाम ही त्या स्थळी कष्टणाऱ्यांची सामाईक मालमत्ता होय, हे तत्त्व अशा रीतीने फ्रान्सबाहेरही मान्यता पावले आहे.