दुसरा पडदा: मल्लेश्वरमच्या शिलालेखापासून ‘भूमी’पर्यंत

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वर मंदिराशी मराठी इतिहासाचा जुना संबंध आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, अर्थात एकोजी, यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवस्थानाला दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आढळते. त्यात उल्लेखिलेले मल्लापूर म्हणजेच आजचे मल्लेश्वरम. जमिनीची ती नोंद दगडावर कोरलेली होती. कोणाच्याही नकळत ती बदलणे सोपे नव्हते.

कागदाच्या काळात हे उघडेपण हरवले. विसाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकातील सुमारे ६७ लाख खातेदारांच्या जवळपास २ कोटी नोंदी सुमारे ९,००० ग्राम लेखापालांच्या दप्तरांत होत्या. ग्राम लेखापाल म्हणजे आपल्याकडील तलाठी. उतारा हवा असेल तर आधी त्याला गाठायचे, मग त्याच्या सवडीची वाट पाहायची. फेरफाराचा अर्ज कधी हाती घेतला जाईल, हेही त्याच्याच मर्जीवर.

२००० नंतरच्या एक-दोन वर्षांत ‘भूमी’ प्रकल्पाने या नोंदी तालुका कार्यालयांतील संगणकांवर आणल्या. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्याची कन्नड प्रणाली घडवली. विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे ते तिच्या रचनेकडे. खिडकीवर दोन पडदे होते: एक कर्मचाऱ्यासमोर, दुसरा शेतकऱ्याकडे तोंड केलेला. आपल्या नोंदीचे काय चालले आहे, हे शेतकरी स्वतः पाहू शकत असे. १५ रुपयांत छापील उतारा मिळे. नोंद बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा दिल्याशिवाय प्रणालीत प्रवेश नव्हता. त्यामुळे बदल कोणी केला, हे लपत नसे. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने पुढे सरकत. हस्तलिखित उताऱ्यांची कायदेशीर मान्यता काढून घेतल्याने जुनी पळवाटही बंद झाली.

वापरण्यास सोपा पडदा म्हटले की ठळक अक्षरे, मोजके रकाने आणि नेटकी बटणे डोळ्यांसमोर येतात. त्यांचे महत्त्व आहेच. पण ‘भूमी’च्या रचनाकारांनी त्याआधीचे प्रश्न सोडवले: नोंद कोणाला दिसावी, ती कोणाला बदलता यावी आणि बदलाचा माग कसा राहावा?

अर्थात, या यशालाही मर्यादा होत्या. कागदावरची चूक संगणकात उतरली की तिला छापील अक्षराचे वजन येते. गावातील दप्तर तालुक्याला गेल्याने काहींचा हेलपाटा वाढला. नोंदींचे केंद्रीकरण बड्या खरेदीदारांच्या पथ्यावर पडते, अशी टीकाही अभ्यासकांनी केली.

आज हेच उतारे महाजालावर पाहता येतात आणि नोंदी सांभाळणारे नवे पडदे रोज तयार होत आहेत. असा पडदा रेखाटणाऱ्या विद्यार्थ्याने खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या शेतकऱ्याची आठवण ठेवावी. ज्याची नोंद आहे, त्याला ती बदलताना दिसते आहे ना, ही पहिली चाचणी.