सरहद्दीवरील छावण्या आणि त्यांतील शस्त्रशिक्षण

दरवर्षी 17 सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते, भाषणे होतात, मुलांना खाऊ मिळतो. रझाकारांच्या जुलमाच्या कथा आपल्या घरोघरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून सर्वांनीच ऐकलेल्या आहेत. परंतु कालपर्यंत नांगर धरणारा शेतकरी, शिक्षक वा महाविद्यालयीन विद्यार्थी हाती बंदूक घेऊन उभा कसा राहिला, हे शिक्षण त्यास कोठे व कसे मिळाले, याचा विचार सहसा होत नाही. आम्ही आमची शिक्षकी हयात मुलांना इतिहास शिकविण्यात घालविली. तेव्हा ज्ञातिबांधवांपुढे या विषयाची थोडी मांडणी करणे आम्हांस उचित वाटते.

आपले चितेगाव पैठणच्या रस्त्यावर आहे. आज ते कारखान्यांमुळे ओळखले जाते. 1948 साली येथे निजामाचे राज्य होते, आणि पैठणच्या बाजूने गोदावरी उतरून पुढे गेले की मुंबई इलाख्याचा अहमदनगर जिल्हा लागे. (नदीचे ते जुने पात्र व काठची कित्येक गावे पुढे नाथसागराच्या पाण्याखाली गेली.) सरहद्द एवढी जवळ असणे यालाच त्या काळी फार मोल होते.

7 ऑगस्ट 1947 रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्यासाठी लढा पुकारला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. नोव्हेंबरात जैसे थे करार झाला, तथापि खेड्यांतील माणसास त्याने संरक्षण मिळाले नाही. अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांचा बळी 29 ऑक्टोबर 1946 रोजीच पडला होता. केवळ सत्याग्रहाने गावे वाचत नाहीत असे दिसल्यावर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृतिसमितीने सरहद्दीलगत भारतीय हद्दीत छावण्या उघडल्या. मनमाड येथील काम गोविंदभाई श्रॉफ पाहत. मनमाडची निवड सहेतुक होती. तेथूनच औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे निजामाची रेल्वे निघत असे. विदर्भाच्या बाजूस उमरखेड, सोलापूरकडे बार्शीच्या परिसरात अशाच छावण्या होत्या.

या छावण्यांत शस्त्रे थोडी आणि माणसे पुष्कळ, अशी स्थिती. ठासणीच्या बंदुका, शिकारीच्या बंदुका, काही रायफली व हातबाँब यांवर भागवावे लागे. काडतुसे मोजकी असताना चांदमारीवर ती किती खर्चावीत, हाच मोठा प्रश्न. म्हणून नेम साधण्याइतकेच महत्त्व कवायत, टेहळणी, रात्रीची कूच आणि हुकूम पाळणे यांस होते. लहान तुकडीचे बळ बंदुकीपेक्षा एकमेकांवरील भरवशात असते. कोणी पुढे जायचे, कोणी मागे राहून वाट राखायची आणि परतण्याची खूण काय, हे सर्वांस ठाऊक नसेल तर दहा बंदुका दहा दिशांना जातात. करोडगिरीचे नाके उठविणे, सारा व लेव्हीची दप्तरे जाळणे ही कामे अशा तुकड्यांनी केली. स्त्रियाही मागे नव्हत्या. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव जालन्याकडे अद्याप आदराने घेतले जाते.

उमरखेडच्या छावणीतील स्वयंसेवकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील स्टेट बँकेवर घातलेला छापा हे या शिक्षणाचे ठळक उदाहरण होय. तारीख 30 जानेवारी 1948. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. त्या पैशाचा लढ्यासाठी विनियोग होऊन त्याचा हिशेब ठेवला गेला, हे आम्हांस छाप्याच्या धाडसाहून मोठे वाटते. लुटीच्या पैशाचा हिशेब ठेवणारा लुटारू कोणी पाहिला आहे?

उलट बाजूस कासिम रझवीचे रझाकार. त्यांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाई, पण आधुनिक हत्यार सुमारे चौथाईच्याच हाती होते. बाकीच्यांकडे तलवारी, भाले व बर्च्या. संख्या होती, शिस्त नव्हती, आणि लगाम घालणारे कोणी नव्हते. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांना ऑगस्ट 1948 मध्ये ठार करण्यात आले, हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण हा लढा दोन धर्मांचा होता असा समज आपल्यातील काही तरुणांत दृढ होत आहे.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, 15 तारखेस औरंगाबाद हाती आले, 17 तारखेस निजामाने शरणागती पत्करली. यापुढची पाने आपल्याकडे कोणी उघडीत नाही. पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांची हत्या व लूट झाली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने बळींचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक पोळले. समितीचा अहवाल मात्र कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. छावण्यांतील शिस्त जेथे पोहोचली नव्हती, किंवा पोहोचूनही टिकली नाही, तेथे शत्रू संपल्यावरही हात थांबले नाहीत. मुलांना उमरी सांगावी आणि हे झाकून ठेवावे, असा इतिहास आम्ही वर्गात कधी शिकविला नाही.

मुक्तीनंतर छावण्या मोडल्या आणि माणसे आपापल्या कामास लागली. अनंत भालेराव यांनी ‘मराठवाडा’ पत्राची लेखणी धरली व उतारवयात या संग्रामाचा इतिहास लिहिला. गोविंदभाई औरंगाबादच्या सरस्वती भुवन संस्थेत रमले आणि 2002 साली निवर्तले. आपल्या ज्ञातीतील जी घरे त्या छावण्यांत गेलेल्या वडिलांच्या वा आजोबांच्या आठवणी, पत्रे अथवा छायाचित्रे जपून आहेत, त्यांनी ती पुढील स्मरणिकेसाठी मंडळाकडे नक्कल करून द्यावीत; मूळ प्रत घरीच ठेवावी.