नाणे उजळणे आणि नाणे जपणे : मराठवाड्यातील एका रूढीचा इतिहास

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव ज्या मुलखात वसले आहे, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील व्यवहार ‘हाली सिक्का’ या संस्थानाच्या स्वतंत्र चलनात चालत असे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून यंत्रावर पाडल्या जाणाऱ्या या रुपयावर चारमिनारचे चित्र आले; त्याच्या कमानीत महबूब अली खानाच्या काळी ‘मीम’ आणि १९११ नंतर उस्मान अली खानाच्या काळी ‘ऐन’ हे त्या त्या निजामाच्या नावाचे आद्याक्षर कोरलेले असे. ब्रिटिश रुपयात हजारी सुमारे ९१७ भाग चांदी असताना हाली रुपयात ती सुमारे ८१८ भागच होती, उरलेला भाग प्रामुख्याने तांब्याचा होता, आणि तांबे हवेत लवकर काळवंडत असल्याने अशी नाणी उजळण्याचा मोह पडणे स्वाभाविक होते.

हे उजळणे मुळात पूजेचे आणि भांड्यांचे शास्त्र आहे. लक्ष्मीपूजनासाठी काढलेले रुपये देवाच्या उपकरणांबरोबरच चिंच किंवा लिंबू लावून राखेने वा रांगोळीने घासले जात, तर सोनार दागिन्यांसाठी रिठ्याचे पाणी वापरीत. चिंचेतील आणि लिंबातील आम्ल धातूवरचे काळे पुट विरघळवते, राख व रांगोळीचे बारीक कण ते खरवडून काढतात, आणि तांब्यापितळेच्या भांड्याला त्याने बाध येत नाही, कारण भांड्याची भिंत जाड असते व तिच्यावर वाचण्याजोगे काही नसते. नाण्यावरचा मजकूर मात्र पृष्ठभागाच्या किंचित उठावावरच उभा असतो, म्हणून दरवर्षीच्या घासण्यात कमानीतले ते चिमुकले अक्षर सर्वांत आधी पुसट होते आणि त्यासोबत नाणे कोणत्या निजामाचे, याची सहज ओळख पटवणारी खूणही जाते.

ही हानी किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्रातील दोन संचयांवरून कळते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नव्या ठशाखाली जुन्या राजाच्या मुखवट्याच्या पुसट रेषा उरल्या, म्हणूनच सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा हाती आला. डोंगरकड्याला त्याहून जवळच्या, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली मिळालेल्या सातवाहन संचयात पोटीन या मिश्रधातूची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणातील, नाणी होती आणि संशोधक वा. वि. मिराशी यांनी त्यांवरील अक्षरे वाचून अनेक राजांची नावे निश्चित केली. या दोन्ही संचयांवर चिंच-राखेचा हात फिरला असता, तर हा इतिहास त्याच हाताने पुसला गेला असता.

म्हणून नाणकशास्त्र, म्हणजे नाण्यांचा शास्त्रीय अभ्यास, मळ आणि पुट यांत भेद करते. माती व हाताचा चिकटपणा हा मळ असून तो ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे भिजवून, मऊ ब्रशने किंवा लाकडी काडीने अलगद सोडवून आणि न घासता टिपून काढता येतो. धातूच्याच पृष्ठातून तयार झालेले स्थिर पुट मात्र राखायचे असते. अपवाद क्लोराइडमुळे उमटणाऱ्या फिकट हिरव्या, भुकटीसारख्या डागांचा आहे, कारण ते तांब्याला आतून खात जातात आणि त्यांवरील उपचार प्रशिक्षित संरक्षकानेच करावे लागतात. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना तर व्हिनेगरचा स्पर्शही घातक ठरतो. पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारा हिरवट चिकट थरही नाणी बिघडवतो, त्यामुळे ती आम्लविरहित कागदात वा पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवणे हितावह असते.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांबाबत याला कायद्याचीही जोड आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नांगराच्या फाळाला लागलेले मडके त्यातील मातीसह जसेच्या तसे सोपवले, तरच नाण्यांचा क्रम, त्यांवरचे पुट आणि ठसे एकत्र अभ्यासता येतात. पूजेतला रुपया उजळावा की नाही हा श्रद्धेचा प्रश्न असला, तरी मातीतून निघालेल्या नाण्याचे काळेपण हा इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि त्यावर पहिला हक्क अभ्यासकाच्या डोळ्यांचा आहे.