खानदेशातला घरचा संगणक आणि मुक्त प्रणाली

संगणकाची कळ दाबल्यापासून सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला परिचालन प्रणाली म्हणतात. तिचा मूळ मजकूर वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मुभा असेल तर ती मुक्त प्रणाली. अशा प्रणालीचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत १९८३ मध्ये जाहीर केला. तिला हवा असलेला गाभा, म्हणजे लिनक्स, हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन हे तयार संच निघाले. पण नवशिक्याला ती घरी वापरता येण्याजोगी कधी झाली? जळगाव-धुळ्याकडून पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे विजेशी बांधलेले आहे.

भुसावळजवळ दीपनगरला वीजकेंद्र आहे. तरीही २००५ च्या सुमारास आणि पुढची काही वर्षे खानदेशातील गावांनी भारनियमन पुरेपूर सोसले. सुरुवातीच्या लिनक्समध्ये चालू संगणकाची वीज अचानक गेली, की पुढच्या वेळी सगळी चकती तपासली जाई. कधी तपासणी अर्ध्यावर थांबे आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी प्रश्न उभा राही. शेजारी जाणकार नसेल, तर नवशिक्याचा धीर तिथेच खचणार.

यावर निघालेला उपाय आपल्या बाजारपेठेतल्या कोणत्याही दुकानदाराला पटेल. व्यवहार आधी किर्दीत लिहायचा, मग खतावणीत चढवायचा. खतावणी अर्धवट राहिली, तर किर्दीची शेवटची पाने पाहिली की पुरे. सगळ्या वह्या चाळाव्या लागत नाहीत. चकतीवरची अशी किर्द ठेवणारी एक्स्ट-३ ही पद्धत नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली आणि तपासणी काही सेकंदांवर आली. (विंडोजच्या घरगुती आवृत्तीतही अशी सोय त्याच वर्षी एक्सपीबरोबर आली.) विद्यार्थ्यांना एक मर्यादा जरूर सांगावी. ही किर्द सहसा फाइल कोठे ठेवली याची असते, फाइलीतल्या मजकुराची नव्हे. न साठवलेली प्रश्नपत्रिका वीज गेल्यावर जायची ती जातेच!

प्रणाली मिळवायची कशी, हाही प्रश्न होता. ७०० मेगाबाइटची एक सीडी ५६ किलोबिटच्या मोडेमवरून उतरवायला किती वेळ लागेल, हे गणित वर्गात घालण्यासारखे आहे: पूर्ण वेग मिळाला तरी सुमारे २८ तास. म्हणून २००४ मध्ये निघालेल्या उबुंटूने मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवल्या, ही गोष्ट मला तिच्या देखण्या पडद्यापेक्षा मोठी वाटते. ही योजना २०११ पर्यंत चालली. त्याआधी, २००० मध्ये, जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’ने चकतीला हात न लावता सीडीवरूनच संगणक चालवण्याची सोय घरोघरी पोचवली होती. बिघडण्याची भीती त्यामुळे गेली.

देवनागरीची बाजू मात्र सावकाश सुधारली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच आणि तीत देवनागरी होती. तरी जोडाक्षरे नीट उमटायला बराच काळ गेला. पुढे सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली काढली.

आज विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने चांगले चालणारे अनेक संगणक अडगळीच्या वाटेवर आहेत. माझ्या मते, अशा घरी नवशिक्याने २००६ पासून निघणारी लिनक्स मिंट घ्यावी. जुन्या विंडोजची सवय तिच्यात फारशी मोडावी लागत नाही, आणि ४ गिगाबाइट स्मृती असली तरी काम चालते. ती पेनड्राइव्हवर घेऊन आधी तशीच चालवून पाहावी: वायफाय लागते का, छपाई होते का, इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ उमटतात का.

चकती पुसण्यापूर्वी शाळेच्या जुन्या फाइली उघडून पाहाव्यात. जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत टंकलेल्या प्रश्नपत्रिका तो अक्षरसंच नसला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून दुसरीकडे ठेवाव्यात, आणि मगच चकतीला हात लावावा.