फिरता कॅमेरा आणि हिरवा पडदा

कलाकारामागील हिरवा वा निळा पडदा वगळून तेथे दुसरे दृश्य बसविण्याच्या प्रक्रियेस ‘कीइंग’ म्हणतात. निळ्या पडद्यासमोर चित्रित झालेल्या ‘द जंगल बुक’ (२०१६) या चित्रपटास दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. त्यात एमपीसीच्या बंगळुरू स्टुडिओतील कलावंतांचा वाटा होता. हा स्टुडिओ २०२५ मध्ये बंद पडला.

कॅमेरा फिरता असल्यास पडद्याचे उजळ-मंद भाग आणि त्यावरील खुणा प्रत्येक चौकटीत जागा बदलतात. त्या केसांमागे आल्या की कडा तुटक दिसते. मात्र याच खुणांवरून संगणक कॅमेऱ्याचा मार्ग काढतो. त्याआधारे इतर चौकटींतील मोकळे भाग जुळवून रिकाम्या पडद्याचे चित्र तयार होते. त्याच्याशी मूळ चौकट ताडून पाहिल्यास केसांची कडा शाबूत राहते. पडद्याचा एखादा भाग सतत झाकलेला राहिल्यास रिकामा पडदा स्वतंत्रपणे चित्रित करावा लागतो.